एकशे वीस गाठी

वारा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात माहबीबीशी बोलायला जाऊ नये, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. अंगणात जवाशाच्या काटेरी झुडपांचे ढीग पडलेले असायचे आणि ती मधोमध फतकल मारून बसलेली असायची. हातांना गोणपाटाच्या पट्ट्या, तोंडात सुतळीचे टोक. कुणी सलाम केला तर ती मान हलवी. तोंड उघडले तर सुतळी सुटायची.

अफगाण हद्दीजवळच्या हामून सरोवराच्या काठची घरे सगळी वाऱ्याकडे पाठ करून उभी. उत्तरेच्या भिंतीला दार नाही, फक्त एक झरोका, माणूस वाकून जाईल एवढा. वाऱ्याच्या चार महिन्यांत त्या झरोक्यात काट्यांची ताटी बसवायची आणि दिवसातून सहा-सात वेळा तिच्यावर पाणी मारायचे. बाहेर पाखरे होरपळून पडत असली तरी आतल्या माणसाने पांघरूण मागावे, अशी ती सोय. मात्र सगळे बांधणाऱ्याच्या हातात होते. काटे दाट झाले तर वारा अडायचा, विरळ झाले तर पाणी ठरायचे नाही. माहबीबीने बांधलेल्या ताटीच्या पलीकडे दिवा धरला तर दिवा दिसत नसे, आणि अलीकडे धरला तर त्याची ज्योत हलत असे. एका उन्हाळ्यात तिने एकट्या हाताने एकोणचाळीस ताट्या बांधल्या होत्या.

आता ती एकच ताटी बांधत होती. गावातली निम्मी घरे बंद पडली होती, माणसे उत्तरेला गुर्गानकडे निघून गेली होती. जे राहिले त्यांनी झरोके विटांनी बुजवले होते. उघडा झरोका उरला होता तो माहबीबीच्या घरचा, आणि त्या खोलीत तिचा नवरा मुराद पडून होता. त्याच्या छातीत माती बसली होती. शहरातल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितले होते, आणखी माती आत गेली तर हा माणूस पुढचा हिवाळा बघणार नाही.

“आई, झरोका बुजव,” हमीद दर शुक्रवारी येऊन म्हणायचा. हमीद तिचा मुलगा; शहरात बसच्या थांब्यापाशी त्याचे टायरचे दुकान होते.

“बुजवू? आणि तुझे बाबा त्या भट्टीत झोपणार?”

“पंखा आणलाय ना मी.”

“पंखा तोच वारा फिरवतो. शिळा.”

“अगं, माती आत येते त्यातून!”

“माझ्या ताटीतून माती येत नाही,” माहबीबी म्हणायची. “ओला काटा मातीला धरून ठेवतो. बघ, आहे का कुठं कण?”

कण नसायचा. हमीद यायच्या आधी तिने मुरादच्या पलंगाभोवती ओले फडके फिरवलेले असायचे. दिवसातून तीन वेळा ती ते फिरवी आणि घरामागे, कुणी बघत नाही असे पाहून पिळी. खाली पडायचे ते पाणी चहासारखे तांबडे असायचे.

*

लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा तिने एवढे पाणी कधी पाहिले नव्हते. तिचे माहेर आत, शेतीच्या मुलखात. तिथे पाणी म्हणजे पाटातले. इथे घराच्या कोपऱ्यावरून वळले की चाळीस पावलांवर सरोवर. डोळा पोचेल तिथवर लव्हाळी, मधून मधून उघडे निळे पाणी, आणि त्यावर लव्हाळ्यांचेच बांधलेले तराफे. मुराद लांब काठी टेकत उभ्याने तराफा हाकायचा. दुरून बघणाऱ्याला वाटावे, हा पाण्यावर चालतोच आहे. संध्याकाळी तो परतला की मासळी, पाणकोंबड्या, कधी लव्हाळ्यांत सापडलेली अंडी. म्हशीसारख्या पोहणाऱ्या गाई नाकपुड्या वर काढून घरी यायच्या, त्यांच्या पाठीवरून पाणी निथळायचे.

लग्नानंतर सातव्या दिवशी वारा आला. खुर्दाद महिन्याचा मध्य, गहू नुकताच घरात आलेला. सासू छपरावर उभी होती. तिने नाक वर केले आणि म्हणाली, “पोरी, पाणी आण.” माहबीबीला काही कळेना. ती घागर घेऊन धावली. सासूने पहिला हबका ताटीवर मारला आणि पुढच्याच क्षणी सरोवरावरून आलेला वारा त्या काट्यांतून आत शिरला. त्याला लव्हाळ्यांचा, ओल्या चिखलाचा, मासळीचा वास होता. नवी नवरी शहारली. सासू हसली. “घाबरू नकोस. एकशे वीस दिवसांचा पाहुणा आहे. आला की दणदण करतो, पण दिवस मोजून राहतो.”

दाराआड एक लोकरीची दोरी टांगलेली असायची. रोज सकाळी एक गाठ. वारा एखादा दिवस विसावला तरी गाठ मारायचीच. “वाटसरू झाडाखाली बसला म्हणून त्याचा प्रवास संपला का?” असे सासू विचारी. एकशे वीस गाठी झाल्या की दोरी उतरवायची. त्या दिवशी गाद्या अंगणात पडायच्या, तराफे पुन्हा उघड्या पाण्यावर जायचे. वाऱ्याच्या दिवसांत जन्मलेले मूल आणि वाऱ्याच्या दिवसांत अंथरुणाला खिळलेले माणूस, दोघांना त्याच दिवशी पहिल्यांदा आभाळाखाली आणायचे. त्याच्या आधी नाही. हमीद एकाहत्तराव्या गाठीला झाला. एकशे विसाव्या गाठीला मुरादने त्याला उचलले आणि थेट तराफ्यावर नेऊन ठेवले.

“अहो, पडेल तो!”

“पडला तर पोहायला शिकेल,” मुराद म्हणाला. पण काठीला हात न लावता तो तराफा धरून कमरेएवढ्या पाण्यात उभाच राहिला. त्याचे ओठ निळे पडले तरी हटला नाही.

सासू गेली तेव्हा दोरी माहबीबीकडे आली.

*

पाणी एकाएकी गेले नाही. हीरमंद नदी वरच्या अंगाला आटत गेली तसे ते काठापासून मागे सरले; एक वर्ष शंभर पावले, पुढचे वर्ष अर्धा कोस. मुराद तराफा ओढत पाण्यामागे गेला. मग एका वर्षी त्याने तराफा आणलाच नाही. “कुठे ठेवलात?” असे तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, “पाणी येईल तेव्हा तोच येईल घरी.” त्यानंतर तो बांधकामावर गेला, विटांच्या भट्टीवर गेला, आणि जी माती सरोवराच्या तळाशी होती ती श्वासाबरोबर आत घेत राहिला.

वाऱ्याने मात्र काही वर्षे आपली तारीख सांभाळली. बदलला तो त्याचा वास. आधी पाण्याचा होता, मग मिठाचा झाला, मग कसलाच राहिला नाही. पुढे तारखाही गेल्या. गहू हिरवा असतानाच वारा यायला लागला आणि खजूर उतरून झाले तरी जाईना. आणि पूर्वी पहाटे थोडा दम घेणारा वारा आता आठ-आठ दिवस एका सुरात वाहू लागला.

माहबीबी मात्र खुर्दादच्या पंधराव्या दिवसाच्या आधी दोरीला हात लावीत नसे.

समोरच्या घरात कोकब राहायची. नवरा वारलेला, मुले गुर्गानला; ती मात्र इथेच. तिच्या जिभेला सुट्टी माहीत नव्हती.

“अगं माहबीबी, दोरी कुठंय तुझी? वारा येऊन महिना होत आला.”

“हा नव्हे तो. हा कुठला तरी भटक्या आहे. आपला येईल त्याच्या दिवशी.”

“हो का? मग तुझ्या त्या भटक्याला सांग, माझी धुतलेली चादर नेलीस ती परत आण म्हणावं. अफगाणांच्या हद्दीत गेली असेल एव्हाना.”

“दगड ठेवायचा चादरीवर.”

“दगड ठेवला होता, बये! दगडही नेला!”

मुराद आतून हसला आणि हसता हसता त्याला खोकला लागला. तो खोकला कधी थांबतो याची वाट बघण्याची दोघींनाही सवय झाली होती.

*

शरदातल्या मेहेर महिन्याच्या दहा तारखेला एकशे विसावी गाठ आली.

त्या सकाळी माहबीबी उठली तेव्हा तिला आधी कळेचना काय चुकते आहे. मग ध्यानात आले, आवाज नव्हता. ताटी सळसळत नव्हती. ती अंगणात गेली. धूळ जमिनीवर शहाण्या मुलासारखी बसून होती. कोकबच्या छपरावर एक चिमणी चोच घाशीत होती. माहबीबीने आत येऊन गाठ मारली आणि दोरी खाली उतरवली.

“किती झाल्या?” मुरादने पलंगावरून विचारले. आता तो तीन-चार शब्दांनंतर थांबायचा.

“एकशे वीस.”

“मग मला... आत कशाला ठेवलंयस? लोणचं... घालणार आहेस?”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बाहेर नाही.”

“डॉक्टरीण शहरची. तिला गाठी... काय कळणार?” तो कोपरावर उठून बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. “माझ्या आईनं... कुणाला एकशे विसाव्याला... आत ठेवलं नाही. चल. धक्क्यापाशी ने.”

“धक्क्यापाशी काय आहे आता? पाण्याचा थेंब नाही.”

“पाणी नाही बघायचं मला,” मुराद म्हणाला. “दिशा बघायची आहे.”

खरे सांगायचे तर तिलाही जायचेच होते. इतकी वर्षे सासूची दोरी खोटी ठरली नाही असे तिने गावाला ठासून सांगितले होते. आज दोरी आणि आभाळ दोन्ही एकच बोलत होती. काटे वाहायची हातगाडी तिने झाडून घेतली, तीत गादी घातली, उशी लावली.

“वा!” गाडीत बसताना मुराद म्हणाला. “आता काट्यांच्या... पंगतीला बसवलंस.”

“काटे निदान ओरडत नाहीत.”

चाळीस पावले. जिथे पूर्वी तराफे लागायचे तिथे तिने गाडी उभी केली. समोर जमीन भेगाळलेली, पांढरट, सरळ क्षितिजापर्यंत. मुराद बघत राहिला. मग त्याने बोट उचलले. “तिथं लव्हाळ्यांत... खोल जागा होती. हिवाळ्यात काळी बदकं... उतरायची. आणि तिकडं... तू पाण्यात पडली होतीस.”

“मी पडले नव्हते. तुम्ही तराफा हलवला होता.”

“जरासा.”

“नवी ओढणी होती माझी. लाल.”

“म्हणून तर... सापडलीस,” तो म्हणाला, आणि दोघेही हसले. ऊन कोवळे होते. कुठे तरी तिला खरोखरच चिखलाचा वास आल्यासारखा वाटला. मुरादला तहान लागली म्हणून ती त्याच्यासाठी चहा आणायला घरी गेली.

पाणी उकळेपर्यंत ती चुलीपाशी थांबली. साखरेचे खडे घेतले, दही आणि गव्हाचा वाळवलेला थोडा पिवळा कश्क घेतला, तो आज खाईल असे वाटले म्हणून. हातात तबक घेऊन ती दाराशी आली आणि थबकली. उत्तरेकडे आभाळाचा खालचा काठ तांबडा झाला होता.

तबक कुठे पडले ते तिला नंतर आठवले नाही. ती कोपऱ्यावरून वळली तेव्हा वाऱ्याने तिला भिंतीवर आपटले. चाळीस पावलांवरची गाडी दिसेना. तिने हाका मारल्या, पण तोंड उघडले की तोंडातच माती. मग ती खाली बसली आणि रांगत, हाताने जुन्या धक्क्याचे दगड चाचपडत पुढे गेली. गाडीचे चाक हाताला लागले. मुरादने उशी तोंडावर दाबून धरली होती आणि त्याचे सगळे अंग घरच्या दिशेने वळलेले होते.

गाडी तिच्या एकटीने हलेना. वारा समोरून नव्हे, बाजूने रेटत होता. चाक खड्ड्यात बसले होते. तेवढ्यात कुणीतरी गाडीचा दुसरा दांडा धरला. डोक्यापासून ओली चादर गुंडाळलेली कोकब.

“ओढ!” कोकब ओरडली. “नंतर रड! आधी ओढ!”

*

इस्पितळात मुराद नऊ दिवस होता. पहिले तीन दिवस तो कुणाकडे बघत नव्हता. बघायला लागणारी ताकदही श्वासालाच लागत होती. हमीद आईसाठी रोज घरून डबा आणी, शेजारी बसे आणि तळहाताकडे बघत राही. ओरडला असता तर बरे, असे तिला वाटे.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. तरुण होत्या, दुरून कुठून तरी नेमणुकीवर आलेल्या.

“आजी, यंदा तुमच्या गावात वारा किती दिवस वाहिला?”

“एकशे वीस,” माहबीबी म्हणाली. जीभ इतक्या वर्षांत तेच शिकली होती.

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. माहबीबीने ते लिहिणे पाहिले. ही मुलगी आता हा आकडा खरा धरणार. त्यावरून औषध ठरवील, दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्याला सांगेल, आता बाहेर बसा, संपला वारा.

“थांब बाळ,” ती म्हणाली. “लिहू नकोस. मोजते.”

आणि ती मोजायला बसली. बोटांच्या पेरांवर. कोकबची चादर गेली तो दिवस. त्याच्या आधी कोकरे झाली तेव्हा दार लावून घ्यावे लागले होते तो आठवडा. वसंतातल्या नवरोजनंतर तेराव्या दिवशी लोक झाडाखाली जेवायला गेले आणि भाकरीत माती आली म्हणून परतले, तिथपासून धरायचे की नाही? धरायचेच. भटक्या म्हणून सोडून दिलेले सगळे दिवस तिने एकेक करून आत घेतले. खिडकीबाहेर वारा अजून घोंगावत होता.

“एकशे ऐंशीच्या पुढं गेले,” ती शेवटी म्हणाली. “आणि झरोका उघडा होता. माती येत होती आत. मी रोज पुसत होते.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. हमीदने मान वर केली आणि आईकडे पाहिले. मग उठून तिच्यासाठी चहा आणायला गेला.

*

मुरादला घरी आणले त्याच आठवड्यात हमीद गवंडी घेऊन आला. माहबीबीने गवंड्याला चहा पाजला, वर दोन खजूर दिले आणि परत पाठवले.

“आई!” हमीद कपाळाला हात लावून म्हणाला. “पुन्हा नको ना सुरू करूस!”

“काय सुरू करू? मी बुजवते. झरोका माझा आहे.”

ताटी तिनेच काढली. काट्यांमध्ये माती बसून बसून ती ताटी राहिलीच नव्हती. उचलली तर वीट उचलल्यासारखी जड. बाहेर नेऊन तिने ती भिंतीशी टेकवली, क्षणभर तिच्यावर हात ठेवला, आणि माती कालवायला बसली. भुसकट, पाणी, पायाने तुडवून केलेला चिखल, कच्च्या विटा. मुरादला तिने नाकातोंडावर ओला रुमाल बांधून मधल्या दारापाशी बसवले होते. तिथून तो बघत होता.

“डावीकडे उतरलीय,” चौथ्या थराला तो म्हणाला.

“तुम्हाला तिथून काय दिसतंय?”

“पन्नास वर्षं... तराफा सरळ ठेवलाय. उतरलीय म्हणजे उतरलीय.”

तिने मागे सरून पाहिले. उतरली होती. तिने दोन विटा काढल्या, पुन्हा लावल्या. उजेड वरून वरून कमी होत गेला. शेवटच्या विटेला जागा पुरेना. ती तिने दगडाने तासली आणि तळहाताच्या टाचेने आत ठोकली. बाहेरून हात फिरवायला हमीद गेला होता. त्याच्या थापीचा आवाज दोनदा आला आणि मग भिंतीपलीकडेच राहिला.

खोलीत अंधार झाला होता. उकाडा होता, पण थोडाच. दिवस थंडीकडे झुकले होते. पुढच्या उन्हाळ्याचे पुढे बघता येणार होते. माहबीबी चिखलाचे हात तसेच मांडीवर घेऊन मुरादशेजारी जमिनीवर बसली.

“यंदाच्या सारखाच वारा त्या साली होता,” मुराद म्हणाला. “मला पलीकडच्या काठाला घेऊन गेला तो. मला वाटलं दोन घटकांत फिरेल, तो काही फिरला नाही. काठीला तळ लागेना. मी आपला आडवा पडलो तराफ्यावर आणि म्हटलं, जिथं न्यायचंय तिथं ने. संध्याकाळी लागलो कुठे तर त्या अफगाण गवळ्यांच्या वाडीला. भाषा आपलीच, पण बोलणं असं, की सारखं वाटावं भांडतायत. त्यांनी तीन दिवस मला सोडलं नाही.”

माहबीबीने श्वास रोखून धरला होता. एवढे सगळे तो न थांबता बोलला होता.

ती गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती. तीन दिवस तिने छपरावर काढले होते, सासूने तिला जबरदस्तीने भाकरी भरवली होती, आणि तो आला तेव्हा त्याच्या हातात गवळ्यांनी दिलेला लोण्याचा गोळा होता. आता पुढे ती म्हातारी येणार होती, जिने त्याला जावई करून घ्यायचे म्हटले होते; दर वेळी तिच्या मुलीचे डोळे जरा अधिकच सुंदर होत गेले होते.

“मग?” माहबीबीने विचारले.